सहा खांब आणि अडीच फूट

खुराणासाहेब शेजारच्या गुप्तांच्या पोर्चमधल्या खांबाला मिठी मारून उभे होते, आणि मी हातात टेप घेऊन त्यांच्याकडे बघत होते.

"देखिए मॅडम, मेरे दोनों हाथ मिल गए," ते म्हणाले. "मुझे ऐसा पिलर चाहिए कि हाथ न मिलें."

टेपची गरजच नव्हती. नव्वदच्या दशकात नोएडाच्या नव्या सेक्टरांमध्ये खांबाची जाडी अशीच मोजायचे. शेजाऱ्याच्या खांबाला मिठी मारायची, आणि आपला त्याहून जाड बांधायचा. चार वर्षांपूर्वी जिथे मोहरी उगवत होती तिथे आता रोमन महालांची रांग लागली होती. कुणाला विचारलं की ही कुठली स्टाइल, तर उत्तर एकच. "फॉरेन."

मी अमरावतीची. नवरा मंत्रालयात नोकरीला, घर आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. आमच्या क्वार्टरला पोर्चच नव्हता, त्यामुळे लोकांच्या पोर्चेसबद्दल मी अगदी तटस्थ होते असं म्हणायला हरकत नाही. नोएडातल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसमध्ये मी काम करायची. बॉस सेठीसाहेब, त्यांच्या हाताखाली मी, आणि आमच्या दोघांच्या डोक्यावर क्लायंट.

खुराणांचं ड्रॉइंग मी दोन महिन्यांपूर्वीच पूर्ण केलं होतं. पहिल्या मीटिंगला ते डोळ्यांत पाणी आणून म्हणाले होते, "मॅडम, ये घर मैं बाऊजी के लिए बना रहा हूँ." बाऊजी म्हणजे त्यांचे वडील. प्लॉट बाऊजींच्या नावावर होता. सरकारी खात्यातून रिटायर झालेले, पॅरॅलिसिसचा झटका येऊन गेलेला, तेव्हापासून व्हीलचेअरवर. तूर्त ते मुलीकडे, वीणाकडे राहत. तिचं सरोजिनी नगरला सरकारी क्वार्टर होतं, पण दोन खोल्यांत त्यांची खुर्ची वळायची नाही. स्वतःच्या घरात जायचं म्हणून ते दिवस मोजत होते. मी एकदा त्यांना नकाशा दाखवायला गेले, तर त्यांनी चालत्या हाताचं बोट नकाशावरच्या दारातून आत नेलं आणि विचारलं, "यहाँ से मैं खुद जाऊँगा? कोई उठाएगा नहीं?"

"कोई नहीं उठाएगा, बाऊजी," मी म्हणाले होते.

त्या शब्दावर मी पोर्च काढला होता. घराचा प्लिंथ, म्हणजे जमिनीपासून फरशीची उंची, दीड फूट. त्यासाठी तीन पायऱ्या, आणि शेजारी व्हरांड्याच्या कडेनं हळूहळू उतरत पोर्चमध्ये उघडणारा रॅम्प. पोर्चची लांबी चौदा फूट. चार कोपऱ्यांना चार गोल खांब, फूटभर जाडीचे. गाडी पोर्चमध्ये थांबेल, बाऊजी खुर्चीत बसतील आणि सरळ रॅम्पवरून घरात. इतकं साधं होतं ते.

साधं होतं हेच चुकलं. गुप्तांकडे चार खांब होते, म्हणून खुराणांना सहा हवे झाले. दोन्ही बाजूंना तीन-तीन.

"सहा करू," मी ऑफिसमध्ये म्हणाले, "पण बारीक. फूटभर जाडीचे तीन बसवले तरी मध्ये साडेपाच-साडेपाच फूट राहतात. एका फटीत पायऱ्या, एकीत रॅम्प. छान दिसतील."

"पतले?" खुराणांनी असं तोंड केलं, जसं मी त्यांच्या घरात कुणीतरी आजारी आहे असं म्हटलं होतं. आजारी माणूस घरात होताच, पण त्याची त्यांना तेव्हा आठवण नव्हती. "गुप्ता हँसेगा."

त्यांनी स्वतः स्केच काढून आणलं होतं. अडीच फुटांचा खांब, त्याच्यावर उभ्या खाचा, खाली तीन फुटांचा चौकोनी बेस आणि वर प्लॅस्टर ऑफ पॅरिसची पानंफुलं. ती पानं लांबून अगदी फुलकोबीसारखी दिसत. त्यात गंमत अशी की छताचा भार पेलायला आत नऊ इंच बाय एक फुटाचा काँक्रीटचा कॉलम पुरत होता. बाकी सगळा जाडपणा म्हणजे विटा आणि प्लॅस्टर. खरं काम करणारा खांब आत लपलेला, आणि बाहेर नुसती सूज.

मी पाटीवरचं गणित असावं तसं मांडून दाखवलं. तीन बेस, तीन-तीन फुटांचे, म्हणजे नऊ. चौदातून नऊ गेले, राहिले पाच. दोन फटी, अडीच-अडीच फुटांच्या.

"बाऊजींची खुर्ची सव्वादोन फूट आहे," मी म्हणाले. "चाक फिरवताना त्यांचा चालता हात सोलून निघेल. आणि गाडीतून उतरून वळायला तर जागाच नाही. पाहुण्यांनासुद्धा आडवं होऊन आत यावं लागेल."

"रॅम्प पीछे से दे दो," खुराणा म्हणाले.

मागे म्हणजे बाजूची बोळ. तिथे पाण्याची मोटर, कचऱ्याचे डबे आणि स्वयंपाकघराचं दार.

"बाऊजी मागच्या दारानं येणार?"

"अरे मॅडम, बाऊजी को कौन सा रोज़ बाहर जाना है!"

मी सेठीसाहेबांकडे बघितलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते. खुराणा गेल्यावर म्हणाले, "देखो, घर उनका है, बाप उनका है. तुम ड्रॉइंग साइन करो. मोटे पिलर से कोई मरता नहीं."

मी साइन केली. वाद घातला, चिडले, घरी जाऊन नवऱ्यापुढे दोन तास बडबड केली, हे सगळं खरं. पण साइन केली हेही खरं. ज्यांना बघून मी इतकं नाक मुरडते, त्यांच्यात त्या दिवशी मीही होते.

गृहप्रवेशाला आम्हाला बोलावणं होतं. सहाच्या सहा खांबांना झेंडूच्या माळा. मधल्या खांबावर पितळी पाटी, तिच्यावर बाऊजींचं नाव आणि पुढे 'व्हिला'. गुप्ता आले, खांब बघून गप्प झाले. खुराणांच्या जन्माचं सार्थक झालं.

मग वीणाची गाडी पोर्चमध्ये आली. बाऊजींनी इस्त्रीचा कुडता घातला होता. त्यांना खुर्चीत बसवलं, आणि त्यांनी रॅम्प शोधला. दिसला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"बाऊजी को पीछे से ले आओ," खुराणा म्हणाले.

"मैं अपने घर में रसोई से नहीं घुसूँगा," बाऊजी म्हणाले. आवाज थोडा अडखळत होता, पण शब्द सगळ्यांना कळले.

शेवटी दोघा तगड्या भाच्यांनी खुर्ची उचलली, एक पुढे, एक मागे. फटीत वळवताना खुर्ची तिरकी झाली, चाक खांबावर घासलं आणि प्लॅस्टरचा टवका उडाला. बाऊजींचा हात खांब आणि खुर्ची यांच्यात सापडला होता. ते कण्हले.

"ओए पिलर! पिलर संभाल के!" खुराणा ओरडले. "ताज़ा पेंट है!"

भाच्यांनी खुर्ची खाली ठेवली. बाऊजींनी सोललेली बोटं कुडत्याला पुसली, मुलाकडे एकदा बघितलं, आणि मुलीला म्हणाले, "वीणा, गड्डी मोड़ ले."

वीणानं गाडी वळवली. ते सरोजिनी नगरच्या त्या दोन खोल्यांत परत गेले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. खुराणा लोकांना सांगत, बाऊजींना नोएडाची हवा मानवत नाही. खांबाचा टवका त्यांनी दुसऱ्याच दिवशी भरून घेतला.

तेव्हापासून मी पोर्चच्या कागदावर आधी व्हीलचेअर काढते, मग तिच्याभोवती खांब. क्लायंट म्हणतात, आमच्या घरात तर असं कुणी नाही. मी त्यांना त्यांचं वय विचारते. ज्यांना राग येतो, त्यांना दुसऱ्या आर्किटेक्टचा पत्ता देते. दिल्लीत त्यांची टंचाई नाही.