बाईंचा बिनआवाजी नाताळ

इंदुरात आजवर शुद्ध मराठी बोलणारी एकच व्यक्ती मी पाहिली आहे, आणि ती डेन्मार्कची होती. आमची पाचवी पिढी या गावात वाढली, तरी आमच्या घरी ‘मी येऊन राहिलोय’ आणि ‘लाइट चालली गेली’ असंच बोललं जातं. लालबागच्या मागच्या आमच्या घरात वरचा मजला या मिशनरी बाईंनी आणि त्यांच्या यजमानांनी भाड्याने घेतला, तेव्हा पहिल्याच दिवशी मी जिन्यातून ओरडलो, “बाई, पानी येऊन राहिलंय, टाकी भरून घ्या.” बाई कठड्याशी आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “आभारी आहे. मात्र पाणी येत आहे, असे म्हणावे.” नंतर त्यांनी टाकी भरली.

त्या तरुणपणी नगरकडच्या खेड्यांत होत्या. मराठी तिथेच शिकल्या, व्याकरणासकट. पुढे इंदूरजवळच्या एका मिशन दवाखान्यात नर्सिंगच्या मुलींना शिकवायला आल्या, पण हिंदी शिकायला त्यांनी ठाम नकार दिला. एका आयुष्यात एक परकी भाषा नीट यावी, दोन अर्धवट येऊ नयेत, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे भाजीच्या ठेल्यासमोर उभ्या राहून त्या विचारायच्या, “आज आपल्याकडे कोवळी भेंडी आहे काय?” आणि ठेलेवाला म्हणायचा, “हाँ मम्मीजी, एकदम ताजी.” दोघांचं कधीही काही अडलं नाही. त्यांचे यजमान, ज्यांना सगळी गल्ली साहेब म्हणायची, ते नेमके उलटे. दवाखान्यातले पंप आणि जनरेटर दुरुस्त करताना मिस्त्री लोकांकडून शिकलेली हिंदी तेवढी त्यांना यायची, आणि तीही दिवसाला सात-आठ शब्दांपलीकडे ते खर्च करत नसत.

नाताळ जवळ आला की बाईंच्या अंगात वारं भरायचं. नगरला शिकलेल्या करंज्या आणि शंकरपाळी आठवडाभर चालायची. ताट खाली आलं की आई एक करंजी मोडून, पारखून म्हणायची, “ठीक झाल्यात. थोडं तळण कमी पाहिजे होतं.” संध्याकाळपर्यंत ताट रिकामं व्हायचं, आणि ते आईनेच केलेलं असायचं. आदल्या संध्याकाळी नर्सिंगच्या मुली ढोलकी घेऊन यायच्या आणि बाई त्यांच्या पुढे उभ्या राहून गायच्या. सुरांशी त्यांचं वैर नव्हतं, पण फारशी ओळखही नव्हती. तरी गल्लीतली माणसं ओट्यावर खुर्च्या टाकून शेवटपर्यंत बसायची.

मग कोरोनाचं वर्ष आलं. विमानं थांबायच्या आधी त्यांच्या लेकीचे डेन्मार्कहून रोज फोन येत होते, की शेवटच्या विमानाने या. बाईंनी नाही म्हणून सांगितलं. मला म्हणाल्या, “माझ्या मुली वॉर्डात उभ्या आहेत. मी तिकडे खिडकीत बसून काय करू?” लेक रागावली, महिनाभर बोलली नाही. साहेबांना बाईंनी विचारलं होतं का, ते मला कधी कळलं नाही.

नाताळच्या चार दिवस आधी साहेबांना ताप आला आणि तपासणीत कोरोना निघाला. ते स्वतःच मागच्या खोलीत गेले आणि आतून कडी लावली. दवाखान्यातले डॉक्टर फोनवर म्हणाले, ऑक्सिजन नव्वदच्या खाली गेला तर लगेच घेऊन या, तोवर घरीच ठेवा. बाई दाराबाहेर वेताच्या खुर्चीत बसून राहिल्या. दर तासाला त्या दार वाजवायच्या आणि आतून, खाली आम्हालाही कळेल अशा हिंदीत, आकडा यायचा, “चौरानबे,” म्हणजे चौऱ्याण्णव. आई जिन्याच्या मधल्या पायरीवर पेज आणि वरणभाताचे डबे ठेवून खाली यायची. “बाई, तुम्ही पण जेवून घ्या बरं,” असं खालूनच सांगायची आणि वरच्या ताटलीचा आवाज येईपर्यंत हलायची नाही.

नाताळच्या सकाळी हॉस्टेलमध्ये अडकलेल्या बारा मुलींसाठी बाई व्हिडिओ कॉलवरून उपासना घेणार होत्या. काही मुली आजारी होत्या, काही रात्रपाळी करून आल्या होत्या. मी तोंडाला मास्क बांधून जिन्यात उभा राहिलो आणि खालूनच त्यांना फोन लावायला शिकवला. सगळ्या मुली पडद्यावर आल्या. एवढ्यात आतला आकडा एक्याण्णववर उतरला, “इक्यानबे.”

बाईंनी पुस्तक मिटलं. “आज राहू दे,” त्या मला म्हणाल्या. “मुलींना तसे कळवा.”

मी काही बोलायच्या आत दाराआडून साहेबांचा आवाज आला, दमलेला, पण स्पष्ट. “नहीं. पढ़ो.”

बाईंनी पुन्हा पुस्तक उघडलं. शास्त्रपाठ झाला, प्रार्थना झाली. एकेका मुलीचं नाव घेऊन त्यांनी तिच्यासाठी देवाकडे मागितलं. शेवटी गाणं म्हणायला लागल्या, आणि तिसऱ्या ओळीला त्यांचा आवाज फुटला. तशाच गात राहिल्या. पाऊण तास मी पायरीवर बसून होतो. गाणं संपल्यावर आतून खोकल्याची एक उबळ आली आणि मग “आमेन.”

पडद्यावर मुली अजून हात जोडून होत्या. बाईंनी विचारलं, “सर्वांना नीट ऐकू आले ना?” कोणी उत्तर दिलं नाही. थोड्या वेळाने त्यांतल्या एकीचा फोन मला आला. “दादा, बाईंचा आवाज पहिल्यापासून बंद होता. एक शब्द नाही आला.”

“मग सांगितलं का नाही कोणी?”

“सांगणारच होतो. पण त्या सुरुवातीपासूनच रडून राहिल्या होत्या. मग आम्ही तशाच हात जोडून बसलो.”

मी हे बाईंना सांगितलं. मग उठून त्या दाराशी गेल्या आणि डॅनिशमध्ये काहीतरी बोलल्या. उत्तर मात्र हिंदीत आलं, “मैंने सुना ना.” बाई दाराला टेकून हसायला लागल्या. मी तेव्हा खाली निघून आलो.

साहेबांचा आकडा त्या दिवशी नव्वदवर टेकला आणि तिथेच थांबला. दुसऱ्या दिवशी चढला. पंधरा दिवसांनी कडी निघाली, तेव्हा ते निम्मे झाले होते, पण आल्या आल्या त्यांनी आमचा बिघडलेला पंप उघडला.

दोन वर्षांनी लेक येऊन दोघांना घेऊन गेली. साहेबांना धाप लागायची, जिने चढवेनात. गेल्या हिवाळ्यात ते गेले. बाई आता तिकडे एकट्या असतात आणि दर रविवारी आईला फोन करतात. मराठी बोलायला तिकडे कोणी नाही, असं सांगतात. आईला घड्याळांतला फरक कधी उमगला नाही. दुपारी एकला, आमची पानं मांडून झाली की ती पहिला प्रश्न विचारते, “बाई, जेवलात का?” त्यांच्याकडे हिवाळ्यात तेव्हा सकाळचे साडेआठ असतात, धड उजाडलेलंही नसतं.

“हो,” बाई म्हणतात, “आत्ताच जेवले.”