अध्यक्षांच्या हस्ते डीप फ्रीझर

मी पोहोचले तोवर खोक्याला हळदकुंकू लागलं होतं. प्राचार्यांच्या टेबलावर, नारळाशेजारी, ऐन मे महिन्यात.

खोक्यात ड्राय आइस आणि त्यात बोटभर कुपी. सोडियम चॅनल ब्लॉकर. नसेच्या भिंतीत सोडियमसाठी बारीक दारं असतात. ती उघडली की संदेश पुढे धावतो. हे रसायन दारं बंद करतं आणि संदेश थांबतो. दाढ काढण्याआधी बधिर करायचं इंजेक्शन असंच काम करतं. आमचं मात्र फक्त प्रयोगशाळेसाठी होतं, आणि गोठलेलं राहिलं तरच कामाचं.

मी धुळ्यातल्या फार्मसी कॉलेजात शिकवते. माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी प्राजक्ता या कुपीसाठी कित्येक महिने अडून बसली होती. दुसरी येईपर्यंत तिची मुदत संपली असती. ती दाराशी उभी राहून खोक्याकडे बघत होती.

"सर, हे फ्रीझरमध्ये हवं," मी प्राचार्यांना म्हणाले.

"आबा येतायत, मॅडम. त्यांच्या हस्ते उघडू." आबा म्हणजे संस्थेचे अध्यक्ष.

"कुठवर आलेत?"

"शिंदखेड्याहून निघालेत. वाटेत दोन लग्नं आहेत. अक्षता टाकून लगेच येतील."

खानदेशात अक्षता टाकून लगेच कोणाला सोडत नाहीत. वरण-बट्टी खावी लागते.

"बर्फ उडून गेला तर औषध बिघडेल, सर."

"म्हणून तर पंख्याखाली ठेवलंय."

मग मी दुसरी बाजू सांगितली, तीही खरीच होती. "हे विषारी आहे. अंगात गेलं तर श्वासाचे स्नायू थांबू शकतात."

सरांनी खोक्यावरचा हात काढला. "मग इथे कशाला आणलं?"

"तेच म्हणतेय."

प्राजक्ताने हातमोजे घालून कुपी नेली. रिकाम्या खोक्याला सरांनी स्वतः पुन्हा टेप लावली.

आबा फेटा बांधूनच आले. टेप कापली, आत पाहिलं.

"मॅडम, हाई ते रिकामं शे."

सर पंख्याकडे बघू लागले. मी आबांना कुपी कुठे आहे आणि का, ते सांगितलं.

"मंग फ्रीजनंच उद्घाटन करू," आबा म्हणाले.

फ्रीझर कित्येक वर्षं वापरात होता. तरी फीत बांधली गेली. आबांनी ती कापली, दार उघडलं आणि उघडंच धरलं. फोटोग्राफर म्हणाला, "आबा, जरा इकडे. सर, पुढे या. अजून एक." प्राजक्ता दार लावायला पुढे सरकली. तेवढ्यात फ्रीझरचा अलार्म वाजायला लागला.

"हाई काय वरडस?"

"दार लावा म्हणतोय, आबा."

आबा हसले. "आमना घरना फ्रीज बी असाच वरडस." आणि त्यांनी दार लावलं. सरांना हे सांगायला माझी सकाळ गेली होती.

प्रयोग झुरळाच्या पायातल्या नसांवर होता. झुरळं होस्टेलच्या मेसने पुरवली, मागू तितकी. प्राजक्ताने थेंब सोडला. स्क्रीनवरच्या उड्या मारणाऱ्या रेषा हळूहळू आडव्या झाल्या. "टिकलंय, मॅडम," ती म्हणाली आणि स्टुलावर बसली.

वार्षिक अहवालात ते 'माननीय अध्यक्षांच्या शुभहस्ते सुरू झालेलं संशोधन' म्हणून आलं. प्राजक्ताचं नाव खाली, फोटोग्राफरच्या नावानंतर. मी तक्रार केली नाही. थंडी मी सांभाळते, बातमी सर सांभाळतात. फक्त दोन्ही कामं एका टेबलावर होऊ द्यायची नाहीत.