संगप्पा सरांचे थोरले

संगप्पा सरांना लातुरात ‘इतिहासाचे सर’ म्हणायचे, आणि त्यात थोडी कीव असायची. भूकंपानंतर गल्लोगल्ली फिजिक्स-केमिस्ट्रीचे क्लास उगवले होते. डॉक्टर व्हायला पोरं एसट्या भरभरून यायची. सरांकडं आर्ट्सची मूठभर. भूकंपात घराची मधली भिंत गेली, तिथं पत्रा ठोकलेला. पत्र्याच्या अलीकडं संसार, पलीकडं शिकवणी.

सरांचा जीव एकाच माणसात अडकलेला: चारशे वर्षांमागचा इंग्रज उमराव, लॉर्ड हॅल्सवर्थ. पण इंग्रजी नाव काढलं की पोरं पेंगायची. म्हणून सर त्याला ‘आमचे थोरले’ म्हणायचे, आणि त्याच्या राणीला ‘बाईसाहेब’. मग पोरं डोळे फाडून ऐकायची.

त्या दिवशी उदगीरच्या दानम्मा मुलाला, सोमेशला, घेऊन सरांच्या लेकीला, मंजुश्रीला, बघायला आल्या, त्याही ठरल्यापेक्षा लवकर. सरांच्या बायकोनं, उमादेवीनं, घाईघाईनं सतरंजी अंथरली. या स्थळाला लेक पहिल्यांदाच ‘व्हय’ म्हणाली होती. सर पेढे आणायला गेलेले, आणि मंजुश्री पत्र्यापलीकडं वडलांच्या, अप्पांच्या, जागी शिकवत होती. तेही अप्पांच्याच आवाजात! तिच्या आवाजाला पोरं दबत नसत. अप्पांचा काढला की चिडीचूप.

“सर हायेत न्हवं?” दानम्मांनी विचारलं.

“हायेत की, अक्का. तास चालू हाय,” उमादेवी बोलून गेली.

पलीकडून खाकरणं आलं. “अं-हं! तर काय म्हंतो मी? आमच्या थोरल्यांनी बाईसाहेबांना न इचारता गुपचूप लगीन उरकलं. पोरगी पोटुशी! बाईसाहेबांनी दोघांना टाकलं आत.”

दानम्मांनी हातातली बशी खाली ठेवली. “आत म्हंजी? जेलात?”

“तसं न्हाई, अक्का...”

पलीकडून आवाज चढला. “सुटल्यावर गप बसावं का न्हाई? तलवार घेऊन निघाले बाईसाहेबांच्या दारावर! मग काय, मुंडकंच उडवलं. जमीन जप्त. थोरला लेक कोठडीत, धाकटा बोटीतनं पसार!”

“अय्यय्यो!” दानम्मांनी तोंडाला पदर लावला. “मधल्या माणसानं यातलं अक्षर सांगितलं न्हाई!”

“लई जुनी गोष्ट हाय, अक्का.”

“जुनी असली म्हून काय? रक्त तेच की!”

तेवढ्यात दारात चपला वाजल्या. पेढ्यांचा पुडा घेऊन खुद्द संगप्पा सर. त्यांनी हात जोडले. “शरणार्थ, अक्का! लवकर आलात?”

आणि पत्र्यामागून त्याच आवाजात, “अं-हं! मागं कोन बोलायलंय रे?”

सर उंबऱ्यावरच थिजले. “मी हितं हाय... मग तिथं कोन?”

सोमेशनं उठून पत्र्याचं दार ओढलं. फळ्यापुढं मंजुश्री. एक हात पाठीमागं, नाकाच्या शेंड्यावर अप्पांचा जुना चष्मा. हातातला खडू पडला. उमादेवीला पायाखालची फरशी पुन्हा हलल्यासारखी वाटली.

“ते थोरले आमचे न्हाईत हो! इंग्रजाचे हायेत!” सर काकुळतीला आले.

सोमेश भिंतीकडं तोंड करून हसत होता. दानम्मा हसल्या नाहीत. पोरीला त्यांनी नखशिखांत न्याहाळलं.

“आन त्याची बायको गं? तिचं काय झालं?”

मंजुश्री स्वतःच्या बारीक आवाजात म्हणाली, “नवा राजा आला तवा ती रोज त्याच्या दारात जाऊन उभी राहिली. शेवटी लेक सुटला. जमीनबी आली.”

दानम्मा पोरांच्या बाकावर मटकन बसल्या. “अशी गोष्ट सांगनारी सून पायजेच. लगीन ठरलं म्हना. पर ही गोष्ट अशी न्हाई, पोरी. सरांच्या आवाजात सांग.”

मंजुश्रीनं अप्पांकडं बघितलं. सरांनी मान डोलावली.

तिनं चष्मा सारखा केला. “अं-हं!”