निंबोळीची तीन कोटेशनं

सुधाकरराव झाडं लावणाऱ्या संस्थेचे वित्तप्रमुख होते, आणि त्यांच्या हातून आयुष्यात एक तुळससुद्धा जगली नव्हती. हे ते स्वतःच सांगत. आदिलाबादच्या एका जिनिंगमध्ये त्यांनी बावीस वर्षं कापसाचा हिशोब लिहिला, मग संस्थेनं बोलावून घेतलं. गावाकडच्यांना वाटे, सुधाकरराव जंगलखात्यात मोठे साहेब झाले. त्यांनी तो समज कधी मोडला नाही. उलट दोन हिरवे शर्ट शिवून घेतले.

तीन कोटेशनं आल्याशिवाय खरेदी नाही, हा त्यांचा नियम. त्यावर त्यांची नोकरी उभी होती आणि मानही ताठ होती.

त्या वर्षी पैनगंगेच्या काठी कडुलिंब लावायचे होते. नदी हळूहळू काठ खात होती. जैनथकडच्या कुसुमबाईचं कापसाचं रान काठालाच. तिनं आणि सोबतिणींनी पिकल्या निंबोळ्या वेचल्या, गर धुऊन काढला, बी सावलीत सुकवलं आणि पोती ऑटोत घालून ऑफिसात आणली.

"आणखी दोन कोटेशनं यायची आहेत," सुधाकरराव म्हणाले.

"सायब, पंधरा-वीस रोजात पेरा. मंग बी मरते."

"कागद आले की लगेच."

कागद सव्वा महिन्यानं आले. सर्वांत स्वस्त कुसुमबाईच. सुधाकररावांनी खूश होऊन सही केली, बी पिशव्यांत पेरलं गेलं. त्या वर्षी ऑडिटरचा एकही शेरा आला नाही आणि एकही रोप उगवलं नाही. दोन्ही कामं एकाच सहीनं झाली.

पुढच्या आषाढात ते नव्या बियांसाठी स्वतः कुसुमबाईच्या गावात गेले. तिनं बसायलाही सांगितलं नाही.

"काऊन आले? सारं गाव म्हणून राह्यलं, कुसुमनं सडकं बी देल्लं. यंदा एक बाई येचाले येत नाही माह्यासंगं."

सुधाकरराव उन्हात उभे राहिले. हिशोबात चूक सापडली की कोणाच्या नावे टाकायची, हे त्यांना पाठ होतं. पाराजवळ बाया-माणसं जमली तेव्हा ते म्हणाले, "बी चांगलं होतं. ते मी मारलं. कागदाची वाट पाहत मारलं."

एक बाई फिसकन हसली.

"शिकेल माणूस हाय," कुसुमबाई म्हणाली, "म्हणून एवढी पोती एका टायमाले मारली. आमाले नसतं जमलं. घ्या टोपलं."

त्यांनी टोपलं घेतलं, आणि मागोमाग बायाही वेचायला निघाल्या. संध्याकाळपर्यंत त्यांच्या टोपल्यात निंबोळ्या कमी आणि बकरीच्या लेंड्या जास्त निघाल्या. बायांच्या पोत्यांचे पैसे मात्र त्यांनी साध्या कागदावर सही घेऊन तिथंच दिले, आणि तिसऱ्या दिवशी बी मातीत गेलं.

ऑडिटर आला तेव्हा रोपं वीतभर झाली होती. बिचारा संकोचत लिहू लागला: वित्तप्रमुखांनी नियम मोडून खरेदी केली. सुधाकररावांनी ते वाचलं, आणि मसुदा फार मऊ आहे म्हणून त्याच्या हातातला पेन मागून घेतला.