शिवेवरचा हिरवा खण

माझ्या भावाच्या पोरीचा ताप उतरता उतरत नव्हता. डॉक्टरची औषधं चालू होतीच, पण आमच्या गावात नुसत्या गोळ्यांवर कोण थांबतं? मी हुबळीहून माहेरी, अळनावरजवळच्या खेड्यात, पोचले त्या सकाळी भावानं पोरीवरून उतारा ओवाळला आणि गावाच्या शिवेवर नेऊन ठेवला. नारळ, लिंबू, दहीभात, खाली हिरवा खण. ठेवणाऱ्यानं मागं वळून बघायचं नाही आणि बाकी कुणी त्याला शिवायचं नाही. ते गावात परत आलं तर पीडा दुप्पट होऊन येते, असं आमच्याकडं मानतात.

दुपारी एक गोरा माणूस सायकल ढकलत दारात आला. कुठल्या देशाचा ते शेवटपर्यंत कळलं नाही. तंबू, भांडी, अंथरूण, सगळा संसार सायकलीवर. कन्नड नाही, मराठी नाही. रिकामी बाटली दाखवली, मी पाणी दिलं. त्यानं हसत पिशवीतून फोडलेला नारळ काढला आणि कट्ट्यावर निजलेल्या पोरीपुढं धरला. तेव्हा मला त्याच्या हँडलला बांधलेला हिरवा खण दिसला.

भावानंही तो पाहिला. दाराआडची काठी घेतली आणि काही न विचारता त्याच्या मनगटावर हाणली. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. दुसरी काठी खांद्यावर, तिसरी कानावर. माणूस खाली बसला, रक्त मानेवरून शर्टात उतरलं. उरलेल्या हातानं तो पाकीट काढून भावापुढं धरत होता. बिचाऱ्याला वाटलं, लुटारू आहेत.

"अक्का, सर बाजूला. माझी पोर मारायला आलाय हा."

"त्याला काय ठाऊक, मुडद्या? घाल, आता माझ्या डोक्यात घाल." मी काठी धरली. तळहाताची सालपटं निघाली, पण सोडली नाही.

तोवर गल्ली जमली, कुणाकुणाच्या हातात दगड. पण खणाला हात लावायला एकही माईचा लाल पुढं येईना. ज्यानं आणला त्यानंच न्यायचा, असं ठरलं. काठीच्या टोकानं खण उचलून त्याच्या गळ्यात अडकवला, नारळ त्याच्या हातात दिला, आणि त्याला ढोसत शिवेपर्यंत नेलं. त्याची सायकल घेऊन, सगळ्यांना शिव्या घालत मी मागून गेले.

तिथून टेम्पो थांबवून मी त्याला धारवाडला दवाखान्यात आणलं. मोडलेला हात गळ्यात बांधताना, काय झालं, असं डॉक्टरांनी विचारलं. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि चांगल्या हातानं सायकल आडवी झाल्याची खूण केली. माझी मान वर होईना.

दुसऱ्या दिवशी मी गावी परतले, तर पोरीचा ताप उतरला होता. ती कट्ट्यावर बसून भात खात होती आणि भाऊ येईल त्याला सांगत होता, गेली पीडा.

"गेली की," मी म्हटलं. "हात गळ्यात बांधून गेली."