मधुभाऊंच्या नावाचे मांगूर

निखिलचा फोन आला तेव्हा मी गोल बाजारात कढई बघत होते. "आत्या, बाबा नहीं रहे," एवढंच तो बोलला. मी कढई दुकानदाराला परत दिली, रिक्षात बसले आणि दवाखाना गाठला. मधुभाऊ माझा थोरला भाऊ. आदल्या संध्याकाळीच त्याला भेटून आले होते. छातीत दुखतं म्हणून नेलेला माणूस, पण विचारत होता तलावाचं. "वासंती, पाणी किती उतरलं? खालची पायरी दिसून राहिली काय? दोन-चारच उरले आहेत आता. मी घरी आलो की काढतो." उरले होते ते मासे. महिना होऊन गेला त्याला जाऊन, आणि मी हे शांत मनानं लिहिते आहे असं कोणी समजू नये. माझं डोकं अजून तापलेलंच आहे.

भाऊ वीज मंडळातून रिटायर झाला, पण जन्म गेला आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या तलावावर. पोहायला तिथंच शिकला, मार तिथं पळून जाण्यावरूनच खाल्ला. त्या तलावात तेव्हा देशी मांगूर मासा होता. काळपट, मिशीवाला, फार तर वीतभर, चिखलात दडून राहणारा. शेजारपाजारच्या बाळंतिणींना त्याचा रस्सा द्यायचे. आमचं घर अंडंसुद्धा न शिवणारं, पण निखिलच्या वेळी वहिनी फार अशक्त झाली आणि शेजारची दीदी मागच्या दारानं वाटी घेऊन आली. आईनं भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "मले काही दिसून नाही राहिलं." वहिनी चार दिवसांत उठून बसली. भाऊ तेव्हापासून त्या माशाचा भक्तच झाला म्हणा ना.

मग तलावाचा ठेका एका माणसाला मिळाला. त्याचं नाव मी लिहीत नाही, त्याला छापून यायची हौस फार आहे. त्यानं पाण्यात परदेशी मांगूर सोडला. हा वेगळा, चितकबरा, बघता बघता हातभर होणारा, भुकेला कसा तो अंत नसलेला. त्याला आपल्या देशात पाळायलाच बंदी आहे, पण तो झटपट वाढतो आणि झटपट विकला जातो. ठेकेदार त्याला कोंबडीच्या दुकानांतली घाण पोत्यांनी आणून घालायचा. तेवढ्यानं त्याचं पोट कुठलं भरायला... त्यानं देशी माशांची पिल्लं खाल्ली, अंडी खाल्ली, बेडूक खाल्ले. काही वर्षांत पावसाळ्यातलं बेडकांचं ओरडणंसुद्धा बंद झालं. भाऊनं तक्रारी केल्या. साहेब लोक आले, ठेकेदाराकडे चहा प्याले, गेले.

तेव्हा भाऊनं गळ हातात घेतला. रोज सकाळी घाटावर बसायचा आणि फक्त ते चितकबरे काढायचा. देशी मासा चुकून लागलाच तर माफी मागून परत सोडायचा. परदेशी वर आला की म्हणायचा, "आले काय ठेकेदार साहेब, या!" आणि काठीचा एक दणका. खायचा नाही, परसात खड्डा करून पुरायचा. मी एकदा म्हटलं, "रिटायर झालेले लोक भजनात बसतात. तू काय करून राहिला हे?" गळावरची नजर न काढता तो म्हणाला, "बदला घेऊन राहिलो." मी हसले होते. तो हसला नव्हता.

तक्रारी मात्र तो पाठवतच राहिला आणि शेवटी ठेका रद्द झाला. पाण्यातले परदेशीही संपत आले. गेल्या पावसाळ्यात त्यानं मला हाताला धरून घाटावर नेलं. गवतात, उथळ पाण्यात, बोटाएवढी काळी पिल्लं वळवळत होती, मिशा फुटलेली. देशी मांगूर. "परत आले, वासंती," म्हणाला आणि रडला. साठी उलटलेला माणूस, चारचौघांत, पायऱ्यांवर बसून रडला.

आता तेराव्याचं सांगते. आमच्याकडे कोणी गेलं की त्याच्या नावानं जिवंत मासे पाण्यात सोडतात, पुण्य म्हणून. मी आत बायकांच्या पंगतीत वाढत होते. बाहेर ठेकेदार आला, पांढरे कपडे, जोडलेले हात, मागे हातगाडीवर ड्रम. निखिलला म्हणाला, "भैया को मछलियों से इतना लगाव था। उनके नाम से छोड़ दो बेटा, आत्मा को शांति मिलेगी।" निखिल पंडरीच्या बाजारात कपड्याच्या दुकानात असतो, घरी फक्त झोपायला येतो. त्याला मांगूर म्हणजे मांगूर. त्यानं हात जोडून अख्खा ड्रम पाण्यात ओतला.

ड्रमचं कळलं तशी मी घाटावर धावले, पोचले तेव्हा एक चितकबरी पाठ पाण्यावर येऊन वळत होती. "काय सोडलं तू हे?" मी विचारलं. तो म्हणाला, "मांगूर, आत्या। बाबा को पसंद था ना।" ठेकेदार माझ्याकडे बघून म्हणाला, "पुण्य का काम हो गया, दीदी।" आणि हसला. मेलेल्या माणसाचा हात धरून त्यानं त्याच्याच तलावात विष कालवलं, त्याच्याच पोराकडून. निखिलला मी सगळं सांगितलं तेव्हा तो जेवला नाही. पोराला मी दोष देत नाही. पण त्या हसण्याला मला माफी द्यायची नाही, आणि मी देणारही नाही. नातलग समजावतात, जाऊ दे, सोडून दे. अरे, सोडण्यानंच तर हे सगळं झालं.

दुसऱ्या दिवशी मी भाऊचा गळ घेतला. जन्मात मासा न शिवलेली बाई कोंबडीच्या दुकानात उभी राहिले आणि आतडी मागितली. दुकानवाल्यानं विचारलं, "कुत्ते के लिए, दीदी?" मी म्हटलं, "नाही, ठेकेदारासाठी." सुरुवातीला ओकाऱ्या आल्या. आता नाही येत. सुट्टीच्या दिवशी निखिल येतो, आमिष लावून देतो. मी भाऊच्याच पायरीवर बसते.

परवा ठेकेदार घाटावर आला. माझ्या गळाला नेमका तेव्हाच एक मोठा लागला होता. मी तो ओढून पायरीवर घेतला. ठेकेदार दोन पायऱ्या वर थांबला. "दीदी, यह तो भैया के नाम की मछली है। पाप लगेगा।"

"हव," मी म्हटलं, "लागू दे."

मासा पोटावर सरकत पाण्याकडे निघाला. मी त्याच्या डोक्यावर चप्पल दाबून धरली आणि ठेकेदाराच्या डोळ्यांत बघत उभी राहिले. तो हसला नाही. पाण्याबाहेर मांगूर लवकर मरत नाही. मला घाई नव्हती.