पोराची तपासणी काहून नाही?

अन्याय माझ्या मोठ्या बहिणीवर झाला. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, वाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत. करणारे पाच जण होते. चार पाहुणे आणि पाचवा मी.

ते ताईला बघायला आले होते. मुलगा, त्याचे आईवडील आणि मामा. पोहे झाले, चहा झाला. मुलगा आवडल्याचं ताईच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग तिने स्वतःच सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या तपासणीचं आपलं कार्ड पाहुण्यांपुढे ठेवलं. आई मागून तिची ओढणी ओढत होती.

"म्हणजे पोरीले बिमारी आहे," मामा म्हणाले.

"बिमारी नाही, मामाजी. मी फक्त वाहक आहे. या आजाराचा एक जनुक आईकडून येते, एक बापाकडून. माह्या दोनपैकी एक बिघडलेला आहे, मले त्याचा काही त्रास नाही. पण नवराही वाहक निघाला, तर लेकराले आजार होऊ शकते. म्हणून तुमच्या मुलाचीही तपासणी करा, बस."

मुलाची आई हसली. "पोराले काहून तपासाचं वं? आमच्या खानदानात असं काही नाही."

मामांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला. "चौकात तूच वाटून राहिला होता ना गा हे? वाच मोठ्यानं."

मी वाचलं. 'लग्नाआधी प्रत्येक मुलीने सिकलसेलची तपासणी करून घ्यावी.' पत्रक माझंच होतं, वाक्यही माझंच.

"पोराचं कुठं लिहिलं? दाखव."

दाखवायला काही नव्हतं. मी कागदाची घडी घालून परत दिला. ते उठले.

मी तसं का लिहिलं होतं? कारण तपासणी मी बायांचीच होताना पाहिली होती. शिबिरात मुलींची रांग, दवाखान्यात गरोदर बायांची. पुरुष म्हणतो, मले काय झालं? मीही त्यातलाच. दोन वर्षं सिकलसेलच्या प्रचारासाठी चौकाचौकात घसा फोडला, पण स्वतःच्या बोटाला सुई लावली नव्हती.

त्याच संध्याकाळी बाबा आईला म्हणाले, "तुह्या माहेरचंच आहे हे."

"तपासलं का, बाबा?" ताईने विचारलं.

तपासलं नव्हतं. सोमवारी ती आम्हा तिघांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. पुढच्या आठवड्यात अहवाल आले. आईचं रक्त अगदी ठीक. बाबा वाहक. मीही वाहक.

"मी तं गोदामात रोज पोते उचलतो," बाबा एवढंच म्हणाले. आईची माफी त्यांनी मागितली नाही. आईनेही वाट पाहिली नाही, भाजी निवडायला बसली.

यात पाप कुणाचंच नाही. हिमोग्लोबिन कसं बनवायचं, याचा एक लांबलचक मजकूर प्रत्येकाच्या शरीरात असतो. त्यातलं एक अक्षर कधीकाळी कुणा पूर्वजात बदललं आणि तसंच खाली उतरत आलं. आईबाप दोघांकडून बदललेला मजकूर आला, तर लेकराच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात, हाडं ठणकून निघतात. दोघं वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता चारात एक. हे अक्षर आडनाव बघत नाही, खानदान बघत नाही. बाईचं आहे की पुरुषाचं, तेही बघत नाही. बघतो आपण.

महिन्याभराने त्या मुलाचा ताईला फोन आला. "तुम्ही मले पसंत होत्या. घरचे ऐकून नाही राहिले."

"तपासणी केली का?"

"नाही. आता काय गरज?"

"मंग ज्या पोरीशी लग्न कराल, तिचं काय?"

ताईने फोन ठेवला. त्या दिवशी ती जेवली नाही, आणि खोटं कशाला सांगू, रडली. आता कुणी स्थळ घेऊन आलं की ती मुलाचा अहवाल आधी मागते. नातेवाईक म्हणतात, पोरगी लई चढून गेली. चढू द्या.

पत्रकातलं ते वाक्य मी खोडलं. पण पत्रकाने रक्त तपासलं जात नाही. म्हणून हे वाचणाऱ्या लग्नाच्या पोरा, तुला सांगतो. उद्या सकाळी सरकारी दवाखान्यात जा आणि सिकलसेलची तपासणी करून घे. तुझा अहवाल हातात येईपर्यंत कुणाच्या मुलीला बघायला जाऊ नकोस.